दोन मिनिटांचा नियम आणि दुसरा माणूस

हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर केवळ हातांनी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली दाखवून दिले. तेव्हापासून या विद्येची शिकवण मुख्यतः हात कोठे व कसे ठेवावेत याभोवती फिरत राहिली. ते हात ज्याचे, तो माणूस किती वेळ टिकतो, हा प्रश्न मात्र मागे पडला. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल व मिनिटास १०० ते १२० वेळा असावा, असा आजचा दंडक आहे. १९९५ साली हायटॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ प्रशिक्षित सहायकांकडून सरावाच्या पुतळ्यावर सलग ५ मिनिटे दाब देवविले. पहिल्या मिनिटात ९२.९ टक्के दाब योग्य पडले, तिसऱ्यात ३९.२ टक्के आणि पाचव्यात अवघे १८ टक्के. याहून चिंतनीय गोष्ट ही की, आपण पाचही मिनिटे नीट दाब देऊ शकतो, अशीच त्यांची समजूत होती. थकवा आधी कामात उतरतो. करणाऱ्यास तो मागाहून कळतो. यास्तव ‘दमलात तर बदला’ ही सूचना अपुरी ठरते, आणि घड्याळ पाहून दर २ मिनिटांनी माणूस बदलण्याचा २००५ पासूनचा नियम सयुक्तिक ठरतो.

शरीरबळाने हा प्रश्न सुटतो काय? अंशतः सुटतो. कमावलेले शरीर दाबाची खोली अधिक काळ राखते. हलक्या वजनाच्या माणसाचा दाब लवकर उथळ होतो. कोपरे ताठ ठेवून धडाचा भार टाकल्यास श्रम वाचतात. तथापि बळाने घसरण लांबते, टळत नाही.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी केवळ दाबांची पद्धत पुरस्कारिली. तोंडाने श्वास देण्याच्या संकोचातून लोकांची सुटका झाली, हे योग्यच झाले. परंतु ३० दाबांनंतर दोन श्वास देताना हातांस मिळणारा विसावाही त्याबरोबर गेला. म्हणजे जी पद्धत शिकावयास सोपी, तीच निभावण्यास अधिक कष्टाची आहे. तिच्या प्रसारात या बाजूस पुरेसे महत्त्व मिळावयास हवे.

गोंदिया जिल्ह्यातील कामठ्याचे उदाहरण घेऊ. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ साली आली. तरीही गाडी गावात पोचेपर्यंतचा काळ २ मिनिटांत सरत नाही. धानाची रोवणी-कापणी करणाऱ्या या मुलखात कष्टाळू हातांची वाण नाही. पण दाब देण्यास शिकलेला माणूस एकच असेल, तर दोन मिनिटांचा नियम कागदावरच राहतो.

म्हणून प्रशिक्षणाचे एकक व्यक्ती नसून जोडी, शक्य तर तिघा-चौघांचा गट असावा. पुतळ्यावरील परीक्षा पहिल्या मिनिटापाशी संपू नये. १० सेकंदांहून अधिक खंड न पडू देता हात बदलणे, हाही सरावाचाच भाग मानावा. एकट्या वीराचे कौतुक अवश्य करावे. परंतु रुग्णाचा जीव पुष्कळदा त्याच्या शेजारी गुडघे टेकून पाळीची वाट पाहणाऱ्या दुसऱ्या माणसावर अवलंबून असतो.