आकाराने हलणारी धार

जुन्या गाडीच्या बॉनेटवरचं वॉशर नोझल म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या बोंडात बसवलेली एक गोळी आणि तिला पडलेलं टाचणीएवढं छिद्र. लिव्हर ओढला की मोटर पाणी ढकलते आणि प्रत्येक छिद्रातून एकेक सरळ धार काचेवर आदळते. दोन-चार ठिकाणी काच भिजते. ते पाणी इकडे-तिकडे पसरवायचं काम वायपरच्या गळ्यात पडतं. पहिल्या फेरीत त्याचं रबर बरंचसं कोरड्या धुळीवरूनच फिरतं. पावसाळ्यात कशेडी घाटात पुढच्या ट्रकने लाल चिखल उडवला की ही पहिली फेरीच घात करते. चिखल निघायच्या ऐवजी काचभर सारवला जातो आणि ऐन वळणावर समोरचं काही दिसत नाही. वाळूच्या कणांनी काचेवर चरे पडतात ते वेगळंच.

आता अलीकडच्या अनेक गाड्यांत येणारं फॅन नोझल हातात घेऊन बघावं. बाहेरचं बोंड जवळपास तेच, पण तोंडाशी बारीक फट. आत नखाएवढी प्लास्टिकची चिप बसवलेली असते. ती भिंगाखाली धरली की खरी करामत दिसते. पाणी आत येण्याची अरुंद वाट, पुढे एकदम रुंदावणारी कोठी, कोठीच्या दोन्ही अंगांनी मागे वळणाऱ्या दोन गल्ल्या आणि शेवटी मुख. स्प्रिंग नाही, झडप नाही, चक्र नाही. तरीही या मुखातून निघणारी धार सेकंदाला शेकडो वेळा डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे झुलते. बागेत पाइप हाताने भराभर हलवला की एकाच धारेचा पंखा दिसतो, तसंच हे. फक्त इथे हलवणारा हात नाही.

मग धार हलते कशाने? वाहणारं पाणी शेजारच्या भिंतीला चिकटून वाहू पाहतं. नळाच्या धारेला चमच्याची पाठ नुसती लावली तरी धार चमच्याच्या अंगाने वळते. रुमानियाचे अभियंते हेन्री कोआंडा यांनी या गुणाचा अभ्यास केला म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. कोठीत शिरलेली धार अशीच एका भिंतीला बिलगते. त्याबरोबर तिचं थोडं पाणी त्या बाजूच्या गल्लीतून मागे फिरतं आणि धारेच्या मुळाशी येऊन तिलाच कुशीत ढोसतं. धार भिंत सोडते आणि समोरच्या भिंतीला जाऊन चिकटते. तिथेही दुसरी गल्ली तेच करते. धारेला हलवणारं बळ तिच्याच अंगातून आलेलं असतं आणि ते कुठे, केव्हा लागावं हे त्या कोरलेल्या पोकळीने आधीच ठरवलेलं असतं. या नोझलचं सगळं सौंदर्य मला या एका गोष्टीत दिसतं: यंत्राचं काम इथे निव्वळ आकार करतो.

या विद्येचा उगम काचेपासून फार लांब आहे. १९६० च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत बिली हॉर्टन, रोमाल्ड बोल्स आणि रेमंड वॉरन हलत्या भागांशिवाय, केवळ प्रवाहाने प्रवाहाला वळवणारी साधनं घडवत होते. पुढे बोल्स यांनी स्वतःची कंपनी काढली आणि ही विद्या मोटारीच्या वॉशरपर्यंत पोचली. क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणासाठी जिचा विचार झाला, ती कल्पना आज चिखल धुते. तिचं हे दुसरं आयुष्य मला जास्त मोलाचं वाटतं.

जुन्या गाडीला हे नोझल मानवतं, कारण ते फारसं काही मागत नाही. युरोपात फोक्सवॅगनच्या जुन्या गोल्फ गाडीचे शौकीन त्याच कंपनीच्या पुढच्या काळातल्या गाड्यांची फॅन नोझलं आपल्या गाडीत हौसेने बसवतात. आपल्याकडेही बॉनेटचं भोक आणि पाइपचा व्यास मोजून जुळणारं नोझल शोधावं, म्हणजे पत्रा कापावा लागत नाही. बसवण्याआधी टाकी धुऊन पाइपातलं शेवाळ काढावं. मोटर थकलेली असेल तर पंखा उघडत नाही, नुसती गळती लागते. तेव्हा मोटरही बदलावी. पाइपात एकदिशा व्हॉल्व्ह घातला की पाणी टाकीत परत उतरत नाही आणि लिव्हर ओढताक्षणी फवारा येतो. पंख्याचं पाणी थेंबाथेंबात विखुरलेलं असल्याने हायवेवरचा वारा त्याला सरळ धारेपेक्षा जास्त खाली दाबतो. म्हणून निशाणा काचेच्या मध्यापेक्षा जरा वर ठेवावा.

एक पथ्य मात्र कडक. जुन्या छिद्रात टाचणी खुपसून कचरा काढता येत असे. इथे टाचणी लावू नये. चिपच्या भिंतीला ओरखडा गेला की धारेचा झोका बिघडतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी टाळावं आणि नोझल तुंबलंच तर व्हिनेगरमध्ये भिजत घालावं.

जुन्या गाडीवर खर्च करायचा तर तो आधी नजरेवर करावा, असं माझं ठाम मत आहे. रंग, सीटकव्हर, म्युझिक सिस्टीम हे सगळं त्यानंतर. फॅन नोझल बसवल्यावर वायपरची पहिलीच फेरी ओल्या काचेवरून जाते आणि पुढचा ट्रक, वळण, रस्ता ओलांडणारा माणूस वेळेवर दिसतो. एवढं मोठं काम नखाएवढ्या चिपमधली पोकळी करते, म्हणून तिला दाद द्यायची.