संगणकाच्या हाती कासरा : हायब्रिड सुपरकार आणि कारप्रेमींचा संशय

नवी सुपरकार जाहीर झाली की कारप्रेमींकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली रूपाविषयी : गाडी आहे की खेळणे, इतक्या कडा आणि इतकी भोके कशाला? दुसरी हँडलिंगविषयी : वळण गाडी घेते की चालक? गाडी हायब्रिड असली, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेच्या मोटारी असल्या, तर दुसरी तक्रार अधिकच तीव्र होते. कंपन्या आणि त्यांचे जाहिरातदार या तक्रारींना ‘जुन्याचा हट्ट’ म्हणून बाजूला सारतात. हा संशय खरोखर हट्ट आहे, की ती एक प्रकारची समीक्षा आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते जग्वार सी-एक्स ७५ या हायब्रिड सुपरकारचे. गाडी ब्रिटिश असली तरी मालकी आपल्याकडची आहे. टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर ही कंपनी जून २००८ मध्ये सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतली. मुंबईतल्या कंपनीच्या छत्राखाली जन्मलेली ही पहिली हायब्रिड सुपरकार. तिचे पुढे जे झाले ते या वादावर बराच प्रकाश टाकणारे आहे.

आधी मुळातले तंत्र समजून घेऊ. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. बैलगाडीचा धुरकरी हे शाळेत न जाता जाणतो. वळणावर तो आतल्या बैलाचा कासरा ओढून धरतो आणि बाहेरच्या बैलाला हाकतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी ब्रेकची दोन पायडले असतात तीही याचसाठी. धुऱ्याशी पोचल्यावर शेतकरी आतल्या चाकाचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर थोडक्या जागेत वळतो. ‘टॉर्क व्हेक्टरिंग’ असे भारदस्त नाव असलेले तंत्र मुळात हेच आहे. प्रत्येक चाकाला किती जोर द्यायचा हे वेगवेगळे ठरवायचे आणि त्या फरकाने गाडी वळवायची. डाव्या-उजव्या चाकांना स्वतंत्र विद्युत मोटारी दिल्या की हे काम सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात करता येते.

फरक एवढाच की येथे कासरा धुरकऱ्याच्या हाती नसून संगणकाच्या हाती असतो. कारप्रेमींचा खरा संशय येथे सुरू होतो, आणि त्याचे तीन भाग वेगळे केले पाहिजेत. पहिला वजनाचा : बॅटरी, मोटारी आणि त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा यांनी गाडी जड होते. जड गाडीला वळणावर बाहेर ओढणारा जोरही जास्त असतो, आणि तो अखेर टायरलाच पेलावा लागतो. दुसरा ब्रेकचा : हायब्रिड गाडीत पायडल दाबले की थोडे काम मोटार करते व त्यातून वीज परत बॅटरीत जाते, उरलेले काम ब्रेकच्या चकत्या करतात. या दोहोंची सांधेजोड नीट नसेल तर पायाला प्रत्येक वेळी वेगळे जाणवते. तिसरा जाणिवेचा : टायरची पकड सुटत आली आहे हे चालकाला स्टिअरिंगमधून आधी कळायला हवे. संगणकाने ते परस्पर सावरले, तर चालकाला आपण कड्याच्या किती जवळ आहोत हे कळतच नाही.

पहिले दोन मुद्दे मोजता येतात, तिसरा मोजता येत नाही. न मोजता येणाऱ्या गोष्टीला भ्रम म्हणणे सोपे असते. पण होंडा एनएसएक्सचे उदाहरण वेगळे सांगते. पहिली एनएसएक्स १९९० ची. तिची चाचणी १९८९ मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर आयर्टन सेन्ना या शर्यतपटूने घेतली. सांगाडा पुरेसा ताठ नाही, असे त्याने चालवून सांगितले. अभियंत्यांनी त्या एका माणसाच्या जाणिवेवर विश्वास ठेवून सांगाडा अधिक ताठ केला. त्या गाडीचे वजन सुमारे १,३७० किलो होते. २०१६ मध्ये विक्रीस आलेली दुसरी एनएसएक्स हायब्रिड होती. पुढच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी, मागे इंजिनाला जोडलेली तिसरी, आणि वजन १,७०० किलोंच्या वर. गाडी वेगवान होती, वळणावर अचूकही होती. तरी पहिल्या गाडीचे चाहते तिच्यावर पुरते खूश झाले नाहीत. नाकावरची चंदेरी पट्टी त्यांना खटकली आणि हँडलिंगमध्ये त्यांना जिवंतपणा कमी वाटला. पुढे २०१९ च्या आवृत्तीत ती पट्टी गाडीच्याच रंगात रंगवली गेली, पुढचे-मागचे स्टॅबिलायझर बार अधिक ताठ झाले, टायर बदलले आणि संगणकाची आज्ञावलीही नव्याने जुळवली गेली. ज्या ज्या जागी चाहत्यांनी बोट ठेवले होते, त्या त्या जागी कंपनीने हात घातला.

आता सी-एक्स ७५. पॅरिसच्या प्रदर्शनात २०१० मध्ये ही गाडी संकल्पना म्हणून मांडली गेली. जग्वारच्या पंचाहत्तरीनिमित्त नावात ७५. इयन कॅलम यांच्या हाताखाली तयार झालेला तिचा आकार १९६६ च्या एक्सजे १३ या जग्वारच्या शर्यतीच्या गाडीशी नाते सांगणारा होता. चार चाकांना चार मोटारी, प्रत्येकी १४५ किलोवॅटची, आणि बॅटरीला वीज पुरवायला विमानाच्या इंजिनाच्या तत्त्वावर चालणाऱ्या दोन छोट्या गॅस टर्बाइन. चारही कासरे वेगळे! टॉर्क व्हेक्टरिंगसाठी याहून आदर्श मांडणी नाही. नुसत्या बॅटरीवर ११० किलोमीटर आणि कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर, असा दावा होता.

मे २०११ मध्ये विल्यम्स या फॉर्म्युला वनमधल्या कंपनीच्या साहाय्याने जास्तीत जास्त २५० गाड्या बनवण्याची घोषणा झाली. पण त्यात टर्बाइन नव्हत्या. त्यांच्या जागी टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही लावलेले १.६ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आले. मोटारीही चाराच्या दोन झाल्या, एक पुढच्या आसासाठी, एक मागच्या. म्हणजे संकल्पनेत प्रत्येक चाकाला मिळालेला स्वतंत्र कासरा कागदावरच राहिला. आकार मात्र जवळजवळ तोच होता. डिसेंबर २०१२ मध्ये जागतिक आर्थिक परिस्थितीचे कारण देऊन गाड्या विकण्याचा बेतच रद्द झाला. त्यानंतरही नमुना गाड्यांवरचे काम पुरे करण्यात आले, आणि निवडक पत्रकारांना त्या चालवायलाही मिळाल्या. ८५० हून अधिक अश्वशक्तीचे ते यंत्र खोटे नव्हते. ते ग्राहकापर्यंत पोचले नाही, एवढेच.

या बदलांकडे संशयाने पाहण्यास चाहत्यांकडे पूर्वानुभव होता. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात जग्वारने एक्सजे २२० मांडली तेव्हा व्ही-१२ इंजिन आणि चारही चाकांना जोर असे वचन होते. १९९२ मध्ये हाती आली ती व्ही-६ टर्बो इंजिनाची, फक्त मागच्या चाकांना जोर असलेली गाडी. ती अतिशय वेगवान होती, तरी अनेक ग्राहकांनी करारातून बाहेर पडण्याची धडपड केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्यांना हे आठवत होते त्यांचा संशय हट्टातून आलेला नव्हता. तो स्मरणातून आलेला होता.

सी-एक्स ७५ पुढे लोकांच्या नजरेत भरली ती २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या बाँडपटात. रोमच्या रस्त्यांवरच्या पाठलागात खलनायकाला हीच गाडी दिली होती. पण पाठलागाच्या गाड्यांच्या पत्र्याखाली हायब्रिड यंत्रणा नव्हती. त्यांत जग्वारचे नेहमीचे ५ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-८ इंजिन बसवले होते. रोज पायऱ्यांवरून उड्या मारायच्या आणि बिघडले तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, अशा कामाला साधे यंत्रच बरे. पुढे कॅलम यांनी स्वतःची कंपनी काढली आणि २०२४ मध्ये तिनेच या गाड्यांपैकी एक रस्त्यावर चालवण्याजोगी करून दिली. चौदा वर्षांत टर्बाइन गेल्या, चार मोटारी गेल्या, मग दोनही गेल्या. टिकले ते रूप.

याचा अर्थ रूप खरे आणि तंत्र दिखाऊ, असा काढणे घाईचे होईल. माझ्या मते अर्थ वेगळा आहे. रूप प्रदर्शनातल्या फिरत्या मंचावर एका दिवसात तपासले जाते. लाखो डोळे त्याची परीक्षा घेतात आणि निकाल लगेच लागतो. हँडलिंगची परीक्षा मात्र गाडी अनेकांच्या हातात, अनेक रस्त्यांवर, अनेक वर्षे गेल्याशिवाय होत नाही. सी-एक्स ७५ ला ती परीक्षा देताच आली नाही. एनएसएक्सने ती दिली, काही गुण गमावले, आणि म्हणूनच सुधारली. तेव्हा चाहत्यांचा संशय नव्या तंत्राचा शत्रू ठरत नाही. या तंत्राला मिळणारी ती पहिली चाचणी आहे.

मात्र सगळाच संशय या मोलाचा नसतो. गाडी न चालवता ‘मजा नाही’ म्हणणारा आणि नुसते छायाचित्र पाहून ‘कुरूप’ म्हणणारा समीक्षक नव्हे. रूपावरचा आक्षेपही कामाशी जोडला तरच त्याला वजन येते. ही खाच इंजिनाला हवा देते की नुसती शोभेची आहे? हा मागचा पंख गाडीला रस्त्यावर दाबतो की ग्राहकाच्या अहंकाराला उचलतो? हायब्रिड गाडीला इंजिनाबरोबर बॅटरीलाही थंड हवा लागते, त्यामुळे तिच्या अंगावर भोके जास्त असणारच. हे ठाऊक नसलेला आक्षेप अर्धाच राहतो.

आपल्याकडे अडचण उलटी आहे. आपल्याकडे संशय घेणारेच थोडे. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ने २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली, मधोमध बसवलेले दोन लिटरचे टर्बो इंजिन असलेली. ती हायब्रिड नव्हती, पण भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये मुंबईच्याच वझिरानी ऑटोमोटिव्हने इंग्लंडमधल्या गुडवूडला ‘शूल’ मांडली. तिच्यात पुन्हा टर्बाइन आणि विजेच्या मोटारी यांचीच जोडी होती. दोन्ही वेळा चर्चा फिरली ती रूप आणि अभिमान यांभोवती. आपली गाडी म्हणून टाळ्या, किंवा आपल्याकडून काय होणार म्हणून टवाळी. दोन्हींत गाडी बाजूलाच राहते. वजन किती, ते कोणत्या आसावर किती, टायर कोणते, ब्रेकचे पायडल कसे लागते, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. ते विचारल्याशिवाय चांगली गाडी घडत नाही.

रोहिणखेडसारख्या गावात बसून कोट्यवधींच्या गाडीची चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, बुलढाणा वर पठारावर. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याला पकड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून समृद्धी महामार्ग जातो, तेथे गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. सुपरकारमध्ये आज जे आहे त्यातले बरेचसे उद्या साध्या गाडीत उतरते, आणि विजेकडून ब्रेक लावणाऱ्या हायब्रिड गाड्या तर आपल्या शोरूममध्ये आलेल्याच आहेत. तेथेही विक्रेता आधी दिव्यांची रेघ दाखवतो, मोठा पडदा दाखवतो, काचेचे छत उघडून दाखवतो. टायर, ब्रेक आणि घसरण सावरणारी यंत्रणा यांविषयी आपण विचारले तरच तो बोलतो. आपले प्रश्न रूपापाशी संपले, तर कंपनीचे कष्टही रूपापाशीच संपतील. म्हणून गाडी घेताना पायडल तीनदा दाबून पाहावे, रिकाम्या रस्त्यावर एक वळण घ्यावे, आणि कासरा कोणाच्या हाती आहे हे नीट विचारून घ्यावे.