कोश बदलला, वतन राहिले

राज्यव्यवहारकोशाची थोरवी मीही वर्गात शिकवतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या या कोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा प्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य. (पुढे पुण्याच्या प्रधानांनी 'पेशवे' हेच नाव मिरवले, ते सोडा.) पण मुसलमानी अमलाचा प्रभाव असे शब्द मोजून ठरवणारे आमचे समीक्षक 'वतन' या अरबी शब्दापाशी थांबत नाहीत.

आमच्या शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीच्या पुजाऱ्यांना आदिलशहाने गावे इनाम दिली, असे परंपरा सांगते. महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, असे आमची माणसे सांगत आली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात याची चिकित्सा केली: हक्क जुनेच, बादशहाने ते फक्त मान्य केले. म्हणजे अस्पृश्यता त्याने आणली नाही, मोडलीही नाही. आयती मिळाली, वापरली. पुजाऱ्याला इनाम, महाराला वतन: अंमलदाराचे ओझे वाहा, सांगावा न्या, मेलेले ढोर ओढा. स्वराज्यात तेच, इंग्रजीत तेच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१८ साली महार वतन मोडले. मुंबई राज्यात त्याला १९५८ चा कायदा लागला. बाबासाहेबांनी विधेयक मांडले होते १९२८ साली.