आठवणींतला ‘मी’ आणि सोयीचा ‘तो’

पुण्यातले अलीकडचे दिवाळी अंक चाळताना एक गोष्ट खटकत राहते. लेख उघडउघड आठवणींचा असतो. त्यात पेठेतला वाडा असतो, वडिलांची सायकल असते, पानशेतचा पूरही असतो. पण लिहिणारा स्वतःला ‘तो’ म्हणतो, लिहिणारी ‘ती’. विचारलं तर उत्तर ठरलेलं: स्वतःकडे तटस्थपणे पाहायचं होतं. हे उत्तर मला पटत नाही. पुष्कळदा या ‘तो’ला स्वतःबद्दल लेखकाच्या ‘मी’पेक्षाही जास्त प्रेम असतं. फक्त ते उघड दिसत नाही, एवढंच.

तृतीयपुरुष पेलणं किती अवघड आहे, हे विश्राम बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’मध्ये कळतं. १९८५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे आत्मचरित्र तृतीयपुरुषी आहे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. बेडेकरांनी नाव तिथून घेतलं आणि ते निभावलंही. जगणारा विश्राम वेगळा, पाहणारा वेगळा, आणि पाहणारा जगणाऱ्याला सवलत देत नाही. नाटक-सिनेमात पात्रांना बाहेरून न्याहाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही नजर आहे. गंमत म्हणजे याच लेखकाने ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली ‘मी’मध्ये लिहिली. कल्पिताला ‘मी’ आणि प्रत्यक्ष आयुष्याला ‘तो’, अशी ही उलटी वाटणी त्याने समजून-उमजून केलेली आहे.

दया पवारांसमोर पेच वेगळा होता. ‘बलुतं’ (१९७८) उघडलं की दोन माणसं भेटतात: छापील नावाचा, शिकलेला दया पवार आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार. माणूस एकच, पण शिक्षणाने आणि शहराने त्याचे दोन तुकडे केलेले. दगडूची गोष्ट ‘तो’ म्हणून लिहिली असती तर वाचकाला ती कादंबरी समजून बाजूला ठेवता आली असती. नुसत्या ‘मी’ने लिहिली असती तर ही फूट बुजली असती. पवारांनी दगडूच्या तोंडी ‘मी’ दिला आणि ऐकणाऱ्यालाही जागेवरून हलू दिलं नाही. मराठी गद्यात या प्रश्नाला मिळालेलं हे सर्वांत धाडसी उत्तर आहे, असं माझं मत आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’त मित्रांपुढे रोज रात्री आठवणी सांगणारा श्याम उभा केला, तीही रचना वरवर अशीच दिसते. पण तिथे ऐकणारे आणि सांगणारा यांच्यात ताण नाही, भक्ती आहे.

तसं पाहिलं तर मराठी कानाला पुरुष बदलणं नवं नाही. अभंगभर ‘मी’ बोलतो आणि शेवटी ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ येतं. त्या एका नाममुद्रेत कवी स्वतःपासून हातभर दूर सरकतो आणि त्याच वेळी बोलल्याची जबाबदारीही घेतो. आजच्या ‘तो’मध्ये सरकणं आहे, जबाबदारी नाही.

‘मी-मी’ फार होतं, अशीही एक तक्रार असते. ‘गेलो’, ‘आले’, ‘बसलो’ म्हटलं की मराठीत ‘मी’ न लिहिताही कळतो. अडचण येते ती सकर्मक भूतकाळात. ‘चोरी केली’ एवढंच लिहिलं तर कोणी केली ते वाक्य सांगत नाही. नेमक्या अशाच जागी लेखक ‘मी’ लिहितो की गाळतो, हे बघावं. आठवणींचा खरेखोटेपणा तिथे कळतो.

लक्ष्मीबाई टिळकांना यातलं काहीच करावं लागलं नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्या सरळ ‘मी’ म्हणतात आणि स्वतःवर इतक्या मोकळेपणाने हसतात की अंतर आपोआप पडतं. सुनीता देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) हसू कमी आणि हिशेब जास्त आहे. पण त्या हिशेबाखाली सही आहे, म्हणून तर वाचकांना त्यांच्याशी इतकी वर्षं भांडता आलं. बेबी कांबळे यांनी घरच्यांपासून लपवून लिहिलेलं ‘जिणं आमुचं’ पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं. तिथे ‘मी’ मागे उभा राहतो आणि ‘आम्ही’ बोलतो. हा ‘आम्ही’ संपादकीय थाटाचा नाही, अख्ख्या वस्तीचा आहे.

दुसऱ्याच्या नावाचा ‘मी’ घेणारेही आहेत. पुण्यातलं वसतिगृह ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर सांगतो, आणि प्रकाश नारायण संतांचं सीमाभागातलं बालपण ‘वनवास’मध्ये लंपन. नाव बदललं, पण ‘मी’ सोडला नाही. त्यामुळे आवाज टिकला आणि घरच्या माणसांनाही थोडा आडोसा मिळाला. घरची माणसं दुखावतील या भीतीने ‘तो’कडे वळणाऱ्यांनी ही वाट आधी तपासावी.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. तृतीयपुरुषी आठवणींचा लेख आला की त्यातलं एक पान लेखकाला ‘मी’मध्ये लिहून मागावं. ते पान आधीइतक्याच निर्धास्तपणे वाचता आलं तर ‘तो’ची गरजच नव्हती. लिहिताना लेखकाचा हात अडखळला, तर जिथे अडखळला तिथूनच लेख पुन्हा लिहायला सांगावा.