नकाराचा भूगोल : म्हैसूरचे आर. के. नारायण

आर. के. नारायण यांच्या उमेदवारीची चर्चा सहसा ग्रॅहम ग्रीन यांच्या नावापाशी थांबते. लंडनच्या प्रकाशकांनी नाकारलेले ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे हस्तलिखित थेम्समध्ये बुडवावे, असे नारायण यांनी ऑक्सफर्डमधील मित्र पूर्णा यांना कळविले, पूर्णांनी ते ग्रीन यांना दाखविले आणि १९३५ मध्ये पुस्तक निघाले. ही आख्यायिका सोयीची आहे, इतकेच. पहिल्या तीन कादंबऱ्यांना (१९३५, १९३७, १९३८) तीन निराळे प्रकाशक शोधावे लागले, ही बाब तिच्यात झाकली जाते.

‘सत्यकथे’कडून (१९८२ मध्ये बंद) साभार परत आलेल्या कथेविषयी राम पटवर्धनांसारखा संपादक लेखकाशी बोलत असे. त्या नकाराला भाषा होती. तिचा जाचही होता, १९६९ मध्ये अंकाची होळी झाली ती उगीच नव्हे. ग्रीन भेटेपर्यंत म्हैसूरहून समुद्रापार गेलेल्या लेखनाच्या वाट्याला असा संवाद आला नाही. युद्धकाळात इंग्लंडशी व्यवहार खुंटला तेव्हा नारायण यांनी म्हैसुरातच ‘इंडियन थॉट पब्लिकेशन्स’ (१९४२) काढले आणि ‘मालगुडी डेज’ (१९४३) हा कथासंग्रह तेथूनच प्रसिद्ध केला. ‘मिस्टर संपत’ (१९४९) मधील संपादक श्रीनिवास आणि मुद्रक संपत ही जोडी या व्यवहाराशेजारी ठेवून वाचावयास हवी.