लिहिलेली समीक्षा आणि दाखवलेली समीक्षा

पुस्तकाविषयी बोलायचे कुठे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ सोयीचा वाटतो. ज्याला लिहिता येते त्याने ब्लॉग लिहावा, ज्याला बोलता येते त्याने यूट्यूबवर वाहिनी काढावी, असे म्हणून तो निकालात काढता येतो. आपल्यासाठी मात्र तो इतका निरागस नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या मुलांच्या हाती अक्षर येऊन अजून चार पिढ्याही झालेल्या नाहीत. अशा वेळी आपल्या ग्रंथांची चर्चा कागदावरून पडद्याकडे सरकत असेल तर त्यात आपण काय मिळवतो आणि काय हातचे घालवतो, हे तपासलेच पाहिजे.

खरे तर निर्णय जवळजवळ झालेला आहे. २००६-०७ नंतर काही वर्षे मराठी ब्लॉगांना बहर होता. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आली, डेटा स्वस्त झाला, वस्तीवस्तीत व्हिडिओ पोचला, आणि ती लेखी पाने हळूहळू ओस पडली. निर्णय झाला; विचार तेवढा राहून गेला.

बोलण्याला कमी लेखून हा विचार करता येणार नाही. आंबेडकरी चळवळ ही जितकी लिहिणाऱ्यांची तितकीच बोलणाऱ्या-गाणाऱ्यांची. ‘मूकनायक’ १९२० साली निघाले, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली. ही पत्रे ज्यांच्यासाठी निघाली त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशीच ती खेड्यापाड्यांत पोचली. सत्यशोधकी जलसे, त्यांच्यामागून आलेले आंबेडकरी जलसे, पुढे वामनदादा कर्डकांचे गाणे, ह्या सर्वांनी जे काम केले ते कोणत्याही ग्रंथालयाने केले नसते. म्हणून आज एखादा पोरगा मोबाइल उभा करून, आपल्या बोलीत, बाबूराव बागुलांच्या कथेवर बोलतो तेव्हा त्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. तो जलशाचाच वारस आहे, असे कुणी म्हटले तर ते अर्धे खरे आहे.

उरलेल्या अर्ध्याचे काय? जलसा समोरच्या माणसांपुढे होई. शंका आली तर तिथेच विचारता येई, न पटले तर तिथेच गलका होई. शिवाय जलशाने आपण समीक्षा करतो असा दावा कधी केला नाही. आणि आणखी एक गोष्ट आपण विसरतो. त्या जलशांचा आवाज आज आपल्या कानी येत नाही. ते कसे होते हे आपल्याला आज सांगता येते, याचे एक मोठे कारण म्हणजे भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले. गाणाऱ्यालाही शेवटी लेखणी हाती घ्यावी लागली.

या संदर्भात ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा इतिहास पुन्हा एकदा आठवावा असा आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर हाती पडताच मंडळ बिचकले. बाबासाहेबांनी मजकूर बदलायला नकार दिला आणि परिषद बारगळली. म्हणजे आपल्या चळवळीतले हे सर्वांत गाजलेले भाषण कधी झालेच नाही. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. जुलै १९३६मध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिले, आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असेही सुचवले. (टीकाकाराला किंमत खटकणे हीसुद्धा एक प्रकारची दादच म्हणायची!) पुढे १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय केले? गांधींचा आक्षेप त्याच पुस्तकात छापला आणि त्याला दिलेले उत्तरही छापले. आज जो कुणी ते पुस्तक उघडतो त्याला मूळ प्रतिपादन, विरोधकाचे म्हणणे आणि लेखकाचे उत्तर अशा तिन्ही गोष्टी एकाच जागी वाचायला मिळतात. कोण कुठे निसटला, कोणी कुठल्या मुद्द्याला बगल दिली, हे बोट ठेवून दाखवता येते.

समीक्षेचा हा मूळ गुण व्हिडिओत पातळ होतो, असे माझे म्हणणे आहे. एकाने वीस मिनिटे बोलून एक मत मांडले. दुसऱ्याला ते पटले नाही. त्याने काय करायचे? आधी ती वीस मिनिटे ऐकायची, नेमके वाक्य शोधायचे, ते हाताने उतरवून घ्यायचे आणि मग उत्तर द्यायचे. इतका खटाटोप कोण करतो? तो दुसरा व्हिडिओ करतो, त्यात पहिल्याचे म्हणणे आपल्या आठवणीप्रमाणे सांगतो, आणि दोन्हींचे प्रेक्षक वेगवेगळे राहतात. वाद होतो पण मुद्द्याला मुद्दा भिडत नाही. वर्षभराने कुणी अभ्यास करू म्हणेल तर त्याच्या हाती गोंगाट तेवढा लागतो.

दलित साहित्याची समीक्षा उभी राहिली ती कशी, हेही पाहिले पाहिजे. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले. अण्णा भाऊ साठे यांनी उद्घाटनाचे भाषण केले. त्या सभेतल्या श्रोत्यांपैकी आज कितीजण असतील? भाषण मात्र आहे, कारण ते छापले गेले. पुढे हे साहित्य एकसुरी आहे, प्रचारकी आहे, आक्रस्ताळे आहे, असे आरोप प्रस्थापितांनी केले. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे, राजा ढाले, यशवंत मनोहर यांनी त्या सौंदर्यकल्पनांचा पाया तपासला तो नियतकालिकांच्या पानांतून. बागुलांचे ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ १९८१चे, शरद पाटलांचे ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ १९८८चे, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६चे. ह्या लेखकांचे आपापसांत पटत होते असे नाही. मार्क्सचे काय करायचे, बुद्धाचे काय करायचे, यावर कडाक्याचे मतभेद होते. पण ते मतभेद आज विद्यार्थ्याला वाचता येतात. समजा हे सारे त्या काळी फक्त बोलले गेले असते, तर ‘दलित साहित्याला समीक्षाच नाही’ हे वाक्य विद्यापीठांतून किती सुखाने उच्चारले गेले असते!

आता पडद्यावर आपल्या पुस्तकांचे काय होते ते पाहू. मी एका विद्यार्थ्याला विचारले, ‘बलुतं’ वाचले का? तो म्हणाला, ‘हो सर, पाहिलंय.’ त्याला पुस्तकातले प्रसंग ठाऊक होते. कावाखाना ठाऊक होता, आई ठाऊक होती. पण पुस्तकाच्या आरंभी दया पवार आणि दगडू पवार हे दोघे एकमेकांसमोर बसलेले आहेत, शहरातला पांढरपेशा माणूस आपल्याच जुन्या नावाच्या माणसाकडून हकीकत ऐकून घेतो आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि ‘बलुतं’चे मर्म तर तिथेच आहे! शिकून वर आलेला दलित स्वतःच्या भूतकाळाकडे कुठल्या अंतरावरून पाहतो, त्याला त्याची लाज वाटते की ओढ वाटते, हा त्या पुस्तकाचा खरा प्रश्न. ती रचना कथासारात येत नाही. कथासारात येते ते दुःख. व्हिडिओला दुःख फार मानवते. वर लावलेल्या चित्रात रडवेला चेहरा, खाली ‘अंगावर काटा आणणारे आत्मकथन’, आणि संथ बासरी. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा पांढरपेशा वाचकांतील अनेकांनी नेमके हेच केले होते. अरेरे म्हटले, डोळे पुसले आणि जातिव्यवस्थेचा प्रश्न बाजूला ठेवला. ज्या कणवेविरुद्ध आपण एवढे लिहिले तीच कणव आता आपलीच पोरे संगीत लावून वाटत आहेत.

सगळ्या पुस्तकांचे असे होते असे मात्र नाही. ‘गोलपिठा’ घ्या. नामदेव ढसाळांची कविता कानासाठी आहे. तिच्यातली शिवी, तिची धाप, ओळ मध्येच तोडून पुढे झेपावणे, हे छापील पानावर निम्मे मुके होते. तिच्यावरचा दहा पानी लेख वाचूनही जे कळत नाही ते एखाद्याने ती कविता नीट म्हणून दाखवली की कळते. वामनदादांविषयी तर बोलायलाच नको. तसेच जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे. ‘दलित कॅमेरा’सारख्या वाहिनीने माणसांची साक्ष जशीच्या तशी टिपून ठेवली, ते काम लेखणीला साधले नसते. पण साक्ष टिपणे निराळे आणि ग्रंथाचे मूल्यमापन करणे निराळे.

कॅमेऱ्याच्या काही अटी असतात, त्यांचाही उच्चार व्हायला हवा. त्याला शांतता लागते, उजेड लागतो, मागे बरी भिंत लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे ही शांतता आणायची कुठून? बाईची अडचण आणखी मोठी. बेबीताई कांबळे फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहीत होत्या, आणि ते लिखाण त्यांनी अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. कागद लपवता येतो. कॅमेऱ्यापुढे बसून लपता येत नाही. चेहरा दिसतो, आडनाव दिसते, भिंतीवरची तसबीर दिसते, आणि मग पुस्तकावर बोललेले बाजूला राहून खाली जातीवरून शिव्या पडतात. लिहिणाऱ्यालाही शिव्या पडतात. पण पुढे केव्हा यायचे हे त्याच्या हाती असते.

यावर कुणी म्हणेल, लेखी जगालाही दरवाजे आहेतच. शुद्धलेखन चुकले की तिथेही हसतात. हे खरे आहे. ‘न’ आणि ‘ण’ यांच्यावरून आपल्या किती पोरांच्या वह्या लाल झाल्या याचा हिशेब नाही. बोलीत निर्धास्त बोलता येणे हे व्हिडिओने दिलेले मोठे स्वातंत्र्य आहे. परंतु प्रमाणभाषेचा तो दरवाजा आपल्याच लेखकांनी १९६०-७०च्या दशकांत फोडला, तोही लिहूनच. मग आजची समीक्षा तेवढी सोवळ्यातल्या मराठीत का लिहायची? लिहा की जालन्याच्या मराठीत, लिहा वऱ्हाडीत.

आणि वाहिनी कुणाची? २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या बहुजन पोरापोरींनी तिथे जमवलेले प्रेक्षक त्या बंदीने हिरावले. ब्लॉगही परक्याच्याच जागेत असतो, हे मान्य. २००९ साली जिओसिटीज बंद झाले तेव्हा लेखी पानेही बुडाली. पण लेखी मजकूर हलका असतो. दोन हजार शब्द म्हणजे चाळीस-पन्नास केबी. तो उतरवून घेता येतो, छापता येतो, झेरॉक्स काढून वसतिगृहात वाटता येतो. जागा गेली तरी मजकूर दुसरीकडे नेता येतो.

पैशाचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि बेकार पदवीधरापुढे तो लहान नाही. ब्लॉगाने कुणाची चूल पेटल्याचे मी तरी पाहिलेले नाही. यूट्यूबवर लांब व्हिडिओ करणाऱ्याला जाहिरातीत वाटा हवा तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे जमवावे लागते. ही अट समीक्षेचा स्वभाव बदलते. आठवड्याला एक पुस्तक संपवावे लागते. कठोर बोलले तर लेखकाचे चाहते तुटतात. प्रकाशकाने भेट पाठवलेल्या पुस्तकावर वाईट कसे बोलायचे? परिणामी सगळीच पुस्तके ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत’ अशी होतात. वाईट दलित पुस्तकाला वाईट म्हणण्याची ताकद आपण गमावली तर चांगल्याला चांगले म्हणण्याला काय किंमत राहील?

वाहिन्या बंद करा असे मी म्हणत नाही. आधी लिहा, मग बोला, एवढेच म्हणतो. बोलण्याचा मजकूर पुरता लिहून काढा आणि व्हिडिओबरोबर तोही ठेवा. कोणती आवृत्ती, कोणते साल, कोणते पान, हे त्यात असू द्या. कुणी आक्षेप घेतला तर तो गाळून टाकू नका, त्याच्याखाली आपले उत्तर लिहा.

दोष एकट्या पोरांचाही नाही. आपली नियतकालिके एखादे परीक्षण वर्ष-वर्ष पडून ठेवतात. मग ते छापतात तेव्हा पुस्तकाची पहिली आवृत्ती संपलेली असते. नव्या लिहिणाऱ्याला साधी पोचही मिळत नाही. त्याने मोबाइल उभा केला तर त्याला नावे ठेवायची कोणत्या तोंडाने? संपादकांनी प्रत्येक अंकात चार-सहा पाने अशा लिहून काढलेल्या बोलण्यासाठी राखून ठेवावीत. प्राध्यापकांनी वर्गात ती वाचायला द्यावीत, त्यांवर मुलांकडून लेखी हरकती मागवाव्यात, आणि बोलणाऱ्या पोराला त्याच्या नावाने, मानधनासह छापावे. मानधन शंभर रुपये असले तरी चालेल. आता फोनवरूनही पैसे पाठवता येतात.