अतिनील किरणांनी घट्ट होणारे आसंजक : प्रचलित वर्गीकरणाची चिकित्सा

अतिनील किरणांच्या साहाय्याने घट्ट होणाऱ्या आसंजकांचे वर्गीकरण सामान्यतः रेझिनच्या नावावरून केले जाते : अ‍ॅक्रिलेट, इपॉक्सी, सिलिकोन. खरेदी-विक्रीच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी आसंजकाचे कार्य त्यातून उलगडत नाही. 'आसंजक वाळतो' हा रूढ शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. पांढऱ्या गोंदातील पाणी उडून जाते. येथे मात्र प्रकाश-आरंभक किरण शोषून घेतो, त्यापासून क्रियाशील घटक निर्माण होतात आणि द्रवाचे जाळीदार बहुवारिकात रूपांतर होते.

हे घटक कोणते, हाच वर्गीकरणाचा खरा निकष ठरावा. अ‍ॅक्रिलेटमध्ये ते मुक्त मूलकांच्या स्वरूपात असतात. विक्रिया काही सेकंदांत घडते, पण दिवा मालवताच जवळजवळ थांबते. शिवाय हवेतील ऑक्सिजन मूलकांना निष्क्रिय करीत असल्याने उघडा पृष्ठभाग चिकट राहतो. इपॉक्सीमध्ये आयोडोनियम वा सल्फोनियम क्षारांपासून तीव्र आम्ल तयार होते व धनायनी विक्रिया सुरू होते. तिला ऑक्सिजनची बाधा होत नाही, आकुंचन कमी होते आणि प्रकाश बंद केल्यावरही ती अंधारात चालू राहते. मात्र आर्द्रता व अल्कधर्मी पृष्ठभाग तिला मंदावतात.

आता 'इपॉक्सी अ‍ॅक्रिलेट' घ्यावे. नावात इपॉक्सी आहे. परंतु इपॉक्सी वलये अ‍ॅक्रिलिक आम्लाशी संयोग पावून आधीच उघडलेली असतात, त्यामुळे ते घट्ट होते मुक्त मूलकांनीच. नाव पाहून अंधारातही विक्रिया चालू राहील असे गृहीत धरणाऱ्याचा सांधा सावलीच्या भागात ओलाच राहील. सिलिकोनचेही तसेच : त्याला जोडलेला गट अ‍ॅक्रिलेटचा आहे की इपॉक्सीचा, यावर सर्व अवलंबून असते.

'अतिनील' हे विशेषणही काटेकोर नाही. बुओनोकोर यांनी १९७० मध्ये दातांच्या खाचा बुजविण्यासाठी अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या रेझिनचा उपयोग मांडला. पुढे दंतवैद्यकाने कॅम्फरक्विनोन हा आरंभक व सुमारे ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश स्वीकारला. रसायन मूलकांचेच राहिले. बदलला तो आरंभक. पॉलिकार्बोनेटचे भाग जोडतानाही हाच प्रश्न येतो. ऊन सोसण्यासाठी त्यात मिसळलेली द्रव्ये अतिनील किरण अडवितात, म्हणून दृश्य प्रकाशाला प्रतिसाद देणारा आरंभक आवश्यक असतो. साधी काच मात्र ३६५ नॅनोमीटरचे किरण बऱ्याच अंशी पार जाऊ देते. (दिव्याची शक्ती वाढवून हा फरक भरून काढण्याचा प्रयत्न होतो, तो बहुधा व्यर्थ ठरतो.)

आरंभकाकडे दुर्लक्ष करणे आता निव्वळ तात्त्विक चूक उरलेली नाही. टीपीओ हा बहुप्रचलित आरंभक प्रजननास घातक ठरविला गेल्याने युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत, म्हणजेच नखांच्या जेलमध्येही, त्यावर बंदी घातली. रेझिनच्या नावावर उभारलेल्या वर्गीकरणात या द्रव्याला स्थानच नाही.